पाचावर धारण

"काका, तुम्ही समुद्र बघितलाय का हो?"

"बघितलाय की. सिनेमात."

"मग काय उपयोगाचे तुम्ही. मला खरा बघितलेला माणूस पाहिजे. पाणी पायाला कसं लागतं, वाळू चपलेत शिरते का, सगळं विचारून घ्यायचंय."

"शिरत असणार. वाळू कुठंही शिरते."

"असणार म्हणून नाही चालत. समोरचा माणूस डोळ्यात बघून विचारतो."

बोलता बोलता तिनं शिडीच्या वरच्या पायरीवरून जुनी ट्यूब खाली दिली आणि नवी मागून घेतली. खाली शिडी धरून लिफ्टवाले काका उभे होते. लिफ्ट दुरुस्तीला निघालेली, त्यामुळे काकांना आज दुसरं काम नव्हतं. ट्यूब बसली, उजेड पडला आणि त्या उजेडात काकांना तिचं तोंड दिसलं. चार दिवस पोटात अन्न टिकलेलं नसावं असं तोंड.

"अजून परवा आहे ना परीक्षा," काका म्हणाले. "आजच कशाला मरतेस?"

हॉस्पिटलातले सगळे तिला वायरमनबाई म्हणत. कागदावर हुद्दा वायरमन असाच होता. एकोणीस वर्षांपूर्वी ती नोकरीला लागली तेव्हा कारकुनाला प्रश्न पडला की आता काय लिहायचं. त्यानं बराच वेळ पेन चावलं आणि कागद होता तसाच ठेवला. मग लोकांनी तोंडानंच पुढं बाई जोडलं. पाच मजल्यांच्या त्या इमारतीत कुठल्या भिंतीत कुठली वायर कशी वळते हे तिला अंधारात हात लावून सांगता येई. डॉक्टर तिच्यापुढं गप्प बसत, कारण मशीन बंद पडलं की त्यांच्या डिग्रीला कोणी विचारत नसे.

अशी ती बाई इंग्रजीपुढं मात्र शेळी व्हायची.

तरी इंग्रजीशिवाय तिला गत नव्हती, आणि त्याचं कारण साधं होतं. नवरा वेल्डर, परक्या मुलखात जहाजांच्या गोदीत कामाला. जाऊन तीन वर्षं झाली. कंपनीनं आता कुटुंब आणायची परवानगी दिली होती, पण महिनाअखेरपर्यंतच. त्याच्या आत कागद पोचले तर बायको-पोर तिकडं, नाहीतर नव्या करारापर्यंत आणखी तीन वर्षं थांबा. आणि कागदांच्या गठ्ठ्यात एक कागद असा होता की बायकोला इंग्रजी बोलता येतं. नऊपैकी पाच हवे होते. पहिल्या खेपेला तिला साडेचार मिळाले होते.

लेक सात वर्षांची. नाव काहीही असो, घरात ती ठकी. बाप गेला तेव्हा चार वर्षांची होती. आता ती त्याला "फोनमधले बाबा" म्हणायची. शेजारणीनं एकदा विचारलं, तुझे बाबा कुठं असतात गं, तर पोरीनं सरळ आईच्या पर्समधल्या फोनकडं बोट केलं. सगळ्या बायका हसल्या, वायरमनबाईही हसली. घरी येऊन तिनं इंग्रजीच्या क्लासचं पुस्तक काढलं आणि सासूनं दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू गेली नाही.

पहिल्या खेपेला काय झालं होतं तेही ऐकण्यासारखं आहे. या परीक्षेत तुमच्यासमोर एक माणूस बसतो आणि तुम्हाला बोलतं करतो. क्लासच्या सरांचा अनुभव असा की निम्म्या वेळा प्रश्न प्रवासाचे येतात. कुठं गेला होता, कोणासोबत, काय बघितलं. आता ही बाई कुठं जाणार? घर ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते घर. लग्नानंतर एकदा दोघं बसनं निघाले होते, ती बस अर्ध्या वाटेत बंद पडली आणि तिथूनच परत आले. सर म्हणाले, ताई, खरं कोण विचारतंय, परीक्षा भाषेची आहे. मग त्यांनी तिला समुद्रावरची एक सहल लिहून दिली. घरचे सगळे, सूर्यास्त, शिंपले, थंड वारा. तिनं ती पाढ्यासारखी पाठ केली. भांडी घासताना म्हटली, पॅनेल पुसताना म्हटली. ठकीचीही पाठ झाली.

परीक्षेत तोच प्रश्न आला. हिनं पाढा सुरू केला. सूर्यास्तापर्यंत गाडी पोचली आणि समोरच्या माणसानं मधेच हात वर करून विचारलं, पाणी कसं होतं?

पाणी पाढ्यात नव्हतं. हिला वाटलं, प्यायचं पाणी विचारतोय. म्हणाली, "फिल्टर."

त्यापुढं तिला काही आठवत नाही. जीभ टाळूला चिकटली ती घरी येईपर्यंत सुटली नाही.

म्हणून या खेपेला ती समुद्राची माहिती गोळा करत होती. पण तुम्हाला खरं सांगायचं तर तिची भीती समुद्राची नव्हती, इंग्रजीचीही अर्धीच होती. उरलेली अर्धी भीती तिनं कोणाला सांगितली नव्हती. नापास झाले तर पोर बापाला मुकते. आणि पास झाले तर? जिथं एक भिंत ओळखीची नाही, जिथं स्विच वर केला की लागतो का खाली केला की, तेही ठाऊक नाही, त्या मुलखात जाऊन बसायचं. इथं वायरमनबाई. तिथं कोण? विहीर एका अंगाला, आड दुसऱ्या अंगाला, आणि मधल्या काठावर ती.

भीती तिला नवी नव्हती म्हणा. तिचा बापही वायरमन. घरात सांभाळायला कोणी नाही म्हणून तो तिला कामावर न्यायचा. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. एकदा त्यानं टेस्टर लावला, दिवा लागला नाही, लाइन बंद आहे समजून हात घातला. लाइन चालू होती, टेस्टरच मेलेला होता. तेव्हापासून तो म्हणायचा, "आधी टेस्टरला विचार, तू खरा आहेस का. मग वायरीला विचार, तू मेली आहेस का." आणि दुसरं म्हणायचा, "ज्याला विजेची भीती वाटत नाही, त्याच्या शेजारी उभी राहू नकोस." एकोणीस वर्षं ती रोज आधी चालू सॉकेटमध्ये टेस्टर घालून दिवा लागतो का बघे, मगच कामाला हात घाली. अशी हाताशी धरून वागवलेली भीती तिला चालायची. ही परीक्षेची भीती मात्र हाताला लागत नव्हती. तिला ना वायर होती, ना स्विच.

परीक्षेच्या सकाळी सासूनं डबा भरून दिला. सासूचं तोंड तिखट, पण त्या दिवशी तिनं ते मिटून ठेवलं होतं. फक्त निघताना म्हणाली, "अगं, समोर बाईच असली तर? तिलाही कोणीतरी सून असेल. घाबरतेस काय?" यात धीर कुठं होता ते वायरमनबाईला कळलं नाही.

परीक्षेची जागा म्हणजे एका इमारतीचा चौथा मजला. लांब बोळ, एका अंगाला खुर्च्या, खुर्च्यांवर ओठ हलवणारी माणसं. कोणी डोंगराची सहल पुटपुटत होतं, कोणी विमानाची. तिच्या शेजारची मुलगी डोळे मिटून भिंतीला इंग्रजी ऐकवत होती. वायरमनबाईच्या तळहाताला घाम सुटला होता. तो ती पुन्हा पुन्हा मांडीवर पुसत होती, ओल्या हातानं पॅनेलला शिवायचं नाही ही सवय.

आत जाण्याआधी अंगठ्याचा ठसा घेतात. तिनं काचेवर अंगठा ठेवला. मशीननं लाल दिवा दाखवला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. एकोणीस वर्षं तांब्याच्या तारा पिळून अंगठ्यावरच्या रेषा झिजून सपाट झालेल्या. मशीनसमोरचा माणूस म्हणाला, मॅडम, नीट ठेवा. तिनं नीट ठेवला. लाल. मागची रांग चुळबुळायला लागली. ती तशीच उभी राहिली. आता म्हणतील, तुम्ही तुम्ही नाहीच, परत जा. आणि खोटं कशाला, मनाच्या एका कोपऱ्यात तिला वाटलं, म्हणोत. सुटले.

चौथ्या खेपेला करंगळी चालली.

आतली खोली लहान. टेबल, दोन खुर्च्या, आवाज टिपणारं यंत्र, आणि पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली एक बाई. या खेपेला बाई होती. वर ट्यूब गुणगुणत होती. चोक सैल आहे, वायरमनबाईच्या कानानं तिला सांगितलं, आणि जरा वेळ तेवढीच एक गोष्ट तिला त्या खोलीत समजत होती.

नाव, घर, काम, एवढं झालं. मग बाईनं एक कार्ड पुढं सरकवलं, कागद-पेन्सिल दिली आणि म्हणाली, एक मिनिट विचार करा, मग दोन मिनिटं बोला. कार्डावर पहिल्या ओळीत ट्रिप हा शब्द होता आणि पुढं लिहिलं होतं की जी नीट झाली नाही. कधी झाली, तुम्ही कुठं होता, सोबत कोण होतं, कशामुळं झालं, आणि तुम्हाला काय वाटलं.

ट्रिप म्हणजे सहल हे तिला माहीत नव्हतं असं नाही. ठकीच्या शाळेची ट्रिप गेल्या वर्षीच बागेत गेली होती. पण घाबरलेलं जनावर आपल्या गोठ्याच्या वाटेनंच पळतं, आणि एकोणीस वर्षं दिवसातून चारदा तिनं हा शब्द एकाच अर्थानं ऐकला होता. बाई, तिसऱ्या वॉर्डात ट्रिप झालंय. बाई, लॅबचं ट्रिप झालं. म्हणजे लोड जास्त झाला, किंवा करंट कुठं गळायला लागला, की ब्रेकर आपोआप खाली पडतो आणि वीज तुटते. तिनं कार्ड पुन्हा वाचलं. कधी झाली, कुठं होता, कशामुळं झाली. साहेब अपघाताच्या वहीत हेच तर लिहायला लावतात.

शेजारच्या कागदावर तिनं एक आडवी रेघ मारली आणि तिला खाली सहा उभ्या रेघा लावल्या. ते पॅनेल होतं. पुढच्या दोन मिनिटांत तिनं समुद्राचं नावही काढलं नाही.

तिनं सांगितलं की दुपारचे तीन वाजले होते आणि सगळं हॉस्पिटल एकदम बंद पडलं. मेन ट्रिप. जनरेटर आपोआप चालू व्हायला हवा होता, झाला नाही. वर बाळांच्या वॉर्डात काचेच्या पेट्यांत चार बाळं होती, एकेक माझ्या तळहाताएवढं. साहेब ओरडत होते, वर उचल, ब्रेकर वर उचल. मी उचलला नाही. पडलेला ब्रेकर काहीतरी सांगत असतो, त्याचं ऐकल्याशिवाय उचलायचा नाही. इंग्रजीत ती म्हणाली, "ब्रेकर इज नॉट फूल. मॅन इज फूल." मग तिनं पेन्सिलीनं त्या सहा रेघा एकेक करून खोडून दाखवल्या. आधी सहाही लाइनी पाडल्या, मग मेन उचलला. तो राहिला. मग पहिली लाइन बाळांची. राहिली. मग दुसरी, मग तिसरी. पाचवी उचलली आणि पुन्हा सगळं धाडकन खाली. पाचवी लाँड्रीची. मशीनखाली पाणी साचून केबल भिजलेली. ती सोडून बाकीच्या पुन्हा चढवल्या. अकरा मिनिटं गेली. सोबत कोण होतं? नो बडी. काय वाटलं? "माय हँड नॉट शेकिंग. आफ्टर, शेकिंग. टू डेज."

क्रियापद कुठं, काळ कुठं, कशाचा पत्ता नव्हता. पण बोलणं थांबलं नाही. कागदावर पेन्सिल फिरत होती आणि तिच्या मागून जीभ चालली होती.

बाईनं ऐकून घेतलं. मग चष्म्यावरून बघत अगदी शांतपणे विचारलं, "अँड वेअर वेअर यू ट्रॅव्हलिंग टू?"

आणि तुम्ही कुठं निघाला होता?

तेव्हा वायरमनबाईच्या डोक्यात उजेड पडला. कार्ड, ट्रिप, सहल, ठकीची बाग, सगळं एका ओळीत लागलं. वर ट्यूब गुणगुणत होती. समोर यंत्राचा हिरवा आकडा पुढं सरकत होता. ठकी कुठल्यातरी फोनकडं बोट करून उभी होती.

"नो व्हेअर," ती म्हणाली. "सॉरी. राँग ट्रिप."

बाईच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही. या लोकांना तसं शिकवलेलंच असतं. तिनं पुढचे प्रश्न काढले, तेही प्रवासाचेच. लोक प्रवास का करतात? काही लोकांना घर सोडून दूर जायची भीती का वाटते?

पाठ केलेलं आता काहीच उरलं नव्हतं. घसरण संपली की माणूस जिथं पडतो तिथं निदान पाय टेकतात. ती म्हणाली, मला वाटते. खूप. माझा नवरा दूर आहे, मला जायचं आहे आणि मला भीती वाटते. मग थांबून शब्द शोधले आणि म्हणाली, "गुड इलेक्ट्रिशियन इज ऑल्वेज अफ्रेड. नॉट अफ्रेड, देन डेड." भीती असली की माणूस दोनदा तपासतो. मी पण दोनदा तपासीन. मग जाईन.

बाईनं यंत्र बंद केलं आणि आभार मानले. ते सगळ्यांचेच मानतात.

संध्याकाळी क्लासमध्ये सरांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "ताई, पंगत बसली लग्नाची आणि तुम्ही बाराव्याचं जेवून आलात." मग तिचं तोंड बघून त्यांनी सारवलं की कधी कधी विषय चुकला तरी बोलण्याचे मार्क देतात. कधी कधी. निकाल सहा दिवसांनी.

ते सहा दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. नवऱ्यानं फोनवर विचारलं, कसा गेला? ती म्हणाली, "गेला." तो म्हणाला, गेला म्हणजे बरा का वाईट? ती म्हणाली, "अहो, गेला म्हणजे गेला, आता परत येतोय का तो?" तो बिचारा हसला. त्याला वाटलं थट्टा आहे. ठकीनं फोन ओढून घेतला आणि विचारलं, बाबा, तुम्ही खरे केवढे आहात? त्यानं सांगितलं, आपल्या दाराच्या कडीपेक्षा वीतभर उंच. पोर दाराशी जाऊन कडीकडं मान वर करून बघत राहिली. मग स्टूल घेऊन आली आणि वीत मोजली. पण वीत तिची होती, त्यामुळे बाप जरा बुटकाच निघाला. वायरमनबाईनं तोंड फिरवून पाण्याचा तांब्या भरला. तो भरलेलाच होता.

कामावर ती प्रत्येक स्क्रू तीनदा आवळू लागली. लिफ्टवाले काका म्हणाले, "पाचच तर हवेत तुला. आणि बसलीय बघ, पाचावर धारण." ती हसली नाही. म्हणाली, काका, शब्दांशी खेळू नका. एका शब्दानंच घात केलाय.

सहाव्या दिवशी ती तळघरात पॅनेल उघडून बसली होती. फोन वाजला, निरोप आल्याचा आवाज. उघड्या पॅनेलपुढं फोन बघायचा नाही, हा तिचा नेम. तिनं उरलेले दोन बोल्ट आवळले, झाकण लावलं, हातमोजे काढले, चार पावलं मागं आली. फोन उघडायला अंगठा लावला तर फोन अंगठा ओळखेना. मग करंगळी.

पाच.

पाच म्हणजे पाच. पावणेही नाही, सव्वाही नाही. ऐन उंबऱ्यावर.

ती पॅनेलपुढच्या रबरी चटईवर बसली. आनंद येईल म्हणून जरा वाट बघितली. आला असेल, पण त्याच्या आधी ती जुनी भीती आली, दुप्पट होऊन. आता नापास झाले म्हणायची सोय उरली नव्हती. कागद जाणार, तिकीट येणार, दाराच्या कडीपेक्षा वीतभर उंच माणूस समोर उभा राहणार, आणि पोर आईच्या मागं लपून विचारणार, हे कोण? आणि त्या घरात स्विच कुठल्या बाजूला असेल देव जाणे.

काका जिन्यावरून वाकून म्हणाले, "काय गं? किती?"

"पाच."

"मग बसलीस कशाला अशी? पास ना?"

"पास. आता जावं लागणार, काका."

काका दोन पायऱ्या खाली आले आणि तिथंच टेकले. म्हणाले, "समुद्र लागेल ना वाटेत? वाळू शिरते का ते बघून कळव."

ती मान हलवणार तोच भिंतीवरचा फोन वाजला. लाँड्रीतून होता. बाई, ट्रिप झालंय, वर उचलू का?

"हात लावू नका," ती म्हणाली. "पाणी बघा खाली साचलंय का. मी येते."

ती उठली. खिशातून टेस्टर काढला. लाँड्रीच्या वाटेवरच्या चालू सॉकेटमध्ये त्याचं टोक घातलं आणि वाकून बघितलं. बारीक तांबडा दिवा लागला. टेस्टर खरा होता. मग ती पुढं गेली.